टाचणी कुठे टोचायची

पुठ्ठ्याचे बोटभर रुंदीचे दोन लांबट तुकडे घ्या. एक दंड समजा, दुसरा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. दोन्हींची टोकं कात्रीने सरळ कापा, एकावर एक चढवा आणि टाचणी टोचा. सरळ धरलंत की हात दिसतो. आता वाकवा. टोकं कमी चढवली असतील तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला खाच पडते. जास्त चढवली असतील तर चौकोनी कोपरे खिळ्यासारखे बाहेर येतात. कसंही केलंत तरी हात मोडलेला वाटतो.

मग टोकं अर्धगोल कापा. दोन्ही गोलांचं माप एकच ठेवा आणि टाचणी दोन्ही गोलांच्या बरोब्बर मध्यावर टोचा. आता हात कितीही वाकवा, खाच नाही, कोपरा नाही. वर्तुळ स्वतःच्या केंद्राभोवती कितीही फिरवलं तरी बघणाऱ्याला ते जागेवरच असतं. या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ती टाचणी नेमकी कुठे टोचायची, याची डोकेदुखी.

मागच्या प्रकरणात आपण चित्रामागून चित्र काढून पात्र चालवलं. त्या पद्धतीचं सौंदर्य वादातीत आहे, पण तिचा हिशेब एकदा करून बघायला हवा. समजा पात्राचं एक चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं आहे. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला साधारण एक एमबी. चालणं, धावणं, उडी, पडणं, मार खाणं अशा दहा हालचाली आणि प्रत्येकीची बारा चित्रं धरली तर १२० चित्रं, १२० एमबी. न दाबलेल्या चित्रांचा हा हिशेब आहे हे खरं, पण पात्रही एकच आहे. आता त्याच पात्राचे पंधरा तुकडे करा: डोकं, धड, कंबर, दंड, हात, पंजे, मांड्या, पोटऱ्या, पावलं. सगळे मिळून एकाच ५१२ बाय ५१२ च्या पानावर बसतात. हालचाल म्हणजे मग कोणता तुकडा कधी किती अंशात फिरला याची नोंद. पंधरा तुकडे, दहा हालचाली, प्रत्येक हालचालीत पाच महत्त्वाचे क्षण, म्हणजे ७५० कोन. एका कोनाला चार बाइट धरले तर तीन हजार बाइट. चित्रांच्या मानाने हे काहीच नाही.

जागेपेक्षाही मोठा फायदा नंतर लक्षात येतो. पात्राला नवी पगडी घालायची ठरली की एकच तुकडा बदलायचा, दहाही हालचालींत पगडी आपोआप येते. एकशेवीस चित्रं हाताने काढून बसलेल्या माणसाला पगडी बदलायला सांगून बघा.

ही युक्ती संगणकाची नाही. १९१७ साली ब्यूनोस आयर्समध्ये क्विरिनो क्रिस्तियानी नावाच्या व्यंगचित्रकाराने पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या कॅमेऱ्याखाली इंचाइंचाने सरकवत ‘एल अपोस्तोल’ हा चित्रपट केला. अर्जेंटिनाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची, इपोलितो इरिगोयेन यांची, त्यात टिंगल होती. जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आज त्याची एकही प्रत नाही, निर्मात्याच्या जागेला लागलेल्या आगीत सगळं गेलं. त्याच अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मांझुर या दोघांनी सुरू केलेलं ‘गोडो’ हे गेम इंजिन २०१४ पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे, आणि तुकड्यांचं पात्र हलवण्याची हत्यारं त्यात तयार मिळतात. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण मला तो आवडतो.

बर्लिनच्या लोटे रायनिगर यांचं १९२६ मधलं ‘प्रिन्स अखमेद’ मात्र सुदैवाने टिकलं. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून केलेल्या आकृत्या, सांध्यांना तार, खालून उजेड सोडलेली काच आणि वर टांगलेला कॅमेरा. सगळं काळं असल्यामुळे सांधा लपवायचा प्रश्नच आला नाही, काळ्यावर काळं चढलं की रेघ दिसत नाही. बाई जवळच्या दृश्यांसाठी त्याच पात्राची वेगळी, मोठी आकृती कापत. छोट्या बाहुलीला भिंग लावून मोठं केलं की तिचं बाहुलीपण उघडं पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याहून कितीतरी जुनी आपल्याकडची चामड्याची बाहुली. आंध्रातल्या तोलु बोम्मलाटातल्या बाहुल्या कधीकधी माणसाइतक्या उंच असतात. पातळ केलेलं, रंगवलेलं, उजेड आरपार जाणारं चामडं, आणि खांदा, कोपर, गुडघा अशा जागी दोऱ्याच्या गाठी. अनंतपूर भागातल्या निम्मलकुंटा गावचे दळवाई चलपती राव यांना या कलेसाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी वाचकाने एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतली छायाबाहुल्या खेळवणारी अनेक घराणी खेळ तेलुगू, कन्नड नाहीतर तमिळमध्ये करतात आणि घरात मराठीचीच एक बोली बोलतात. आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने चामड्याच्या आणि कळसूत्री अशा दोन्ही बाहुल्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कळसूत्री हा शब्दच बघा ना: कळ आणि सूत्र. गेमच्या कामात ज्याला रिग म्हणतात त्याला मराठीत नवा शब्द शोधायची गरज होती का, असा प्रश्न पडतो. पण स्टुडिओत सगळे रिगच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

आता एक पात्र करू. रात्री रानात गस्त घालणारा राखणदार, डाव्या हातात कंदील, उजव्या हातात काठी, खांद्यावर घोंगडं. तो मी निवडला तो सोयीसाठी. खांदा हा सगळ्यांत अवघड सांधा, आणि घोंगडं तो झाकतं. वेशभूषेने सांधे झाकण्यात काही कमीपणा नाही. गेममधल्या पात्रांचे मोठे हातमोजे, फुगीर बाह्या आणि रुंद पट्टे बघून ‘काय हौस’ असं वाटतं ना? बऱ्याचदा त्याखाली टाचणी असते.

पहिलं काम चित्र कापण्याचं, आणि नवशिके इथेच फसतात. ते आधी राखणदाराचं एक सुंदर अखंड चित्र काढतात आणि मग कात्री लावतात. धडासमोरचा हात उचलला की त्याच्यामागे भोक! तिथे काही रंगवलेलंच नसतं. म्हणून तुकड्यांचं पात्र काढताना जे दिसत नाही तेही काढावं लागतं: हाताखालचं धड, घोंगड्याखालचा खांदा, डोक्याखाली लपलेली मान, दंडात शिरलेलं पुढच्या हाताचं गोल टोक. अखंड चित्र काढणारा डोळ्याला दिसतं ते काढतो. इथे शिंप्यासारखं काम आहे, शिवणीच्या आतला कपडा सोडूनच बेतायचं.

मग काळ्या बाह्यरेषेची कटकट. प्रत्येक तुकड्याला सगळीकडून रेघ दिली तर कोपरावर पुढच्या हाताची अर्धगोल रेघ उमटते आणि पात्र कोळंबीसारखं पेर-पेर दिसतं. उपाय साधा आहे. सांध्याकडच्या टोकाला रेघ द्यायचीच नाही, नाहीतर सांध्यावर कातडीच्या रंगाची एक गोल चकती वरून ठेवायची. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चकतीचा रंग एका छटेने चुकला होता. राखणदाराच्या दोन्ही कोपरांना मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं.

तुकडे झाले की नातीगोती जुळवायची. कंबर मूळ. कंबरेला धड, धडाला दंड, दंडाला पुढचा हात, हाताला पंजा, पंज्याला कंदील. दंड फिरला की पुढचं सगळं कुटुंब मुकाट फिरतं. पंजा फिरला तर दंडाला पत्ता नसतो. पेरेंट आणि चाइल्ड असेच शब्द यासाठी रूढ आहेत. एवढी आज्ञाधारक मुलं फक्त संगणकातच बघायला मिळतात.

पण नातं आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी. दोन्ही हात धडाचीच मुलं, तरी एक धडाच्या पुढे दिसायला हवा आणि दुसरा मागे. कोण कोणाला लटकलंय हे एक आणि कोण कोणाला झाकतंय हे दुसरं, या दोन याद्या स्वतंत्र ठेवाव्या लागतात.

आणखी एक खोडी सांगतो, कारण ती पुस्तकांत क्वचित भेटते. श्वास दाखवायला तुम्ही धड आडवं थोडं फुगवता. धड फुगतं, पण त्याला लटकलेला तिरपा हातही त्याच आडव्या दिशेने ओढला जातो आणि लोंबत्या रबरासारखा वेडावाकडा होतो. त्यावर तोड अशी की हाड वेगळं आणि चित्र वेगळं ठेवायचं. हाड म्हणजे एक न दिसणारी काठी, तिला फक्त फिरवायचं. फुगवायचं ते तिच्यावर चिकटवलेलं चित्र. मग फुगणं चित्रापुरतं राहतं आणि मुलांपर्यंत पोचत नाही. या कामाच्या प्रोग्रॅममध्ये त्या काठ्यांना बोन म्हणतात, आणि २०१३ मध्ये आलेल्या अशा एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचं नावच मुळी ‘स्पाइन’, म्हणजे पाठीचा कणा.

आता हलवू. शून्याव्या सेकंदाला दंड २० अंशांवर, अर्ध्या सेकंदाने ७० वर. हे दोन की-फ्रेम. मधले सगळे कोन यंत्र भरतं. इथे पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा एक अपघात ठरलेला. ३५० अंशांवरून १० अंशांवर जायचं असतं. माणसाला कळतं की हे वीस अंशांचं अंतर आहे. यंत्र आकडे बघतं, आणि ३५० पासून १० पर्यंत उतरत तब्बल ३४० अंश उलटं फिरतं. राखणदाराचा हात पवनचक्कीसारखा गरकन फिरून जागेवर येतो. जवळच्या वाटेने जा, असं यंत्राला सांगून ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. यंत्र मधले कोन समान अंतराने भरतं. जिवंत शरीर असं हलत नाही, ते हळू निघतं, मध्ये वेग घेतं आणि थांबताना पुन्हा मंदावतं. म्हणून वेगाच्या रेषेला वळण द्यायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे तुकडे एकाच क्षणी निघता कामा नयेत आणि एकाच क्षणी थांबताही कामा नयेत. डिस्नेचे जुने अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात जी बारा तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. हातात काठी असलेला माणूस वार करतो तेव्हा आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी काठी. तुकड्यांच्या पात्रात हे करायला नवं चित्र लागत नाही. तेच की-फ्रेम दोन-दोन घरं पुढे सरकवायचे. टाइमलाइनवर ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसायला लागतात. सरळ उभ्या रांगेत लावलेले की-फ्रेम दिसले की समजावं, पात्र कवायत करतंय.

चालणं सगळ्यांत अवघड, कारण चालणं कसं असतं हे प्रत्येक खेळाडूला जन्मापासून माहीत आहे. टाच टेकते, शरीर किंचित खचतं, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, शरीर उचललं जातं, आणि पुन्हा टाच. एवढं जमलं तरी एक हिशेब राहतो. राखणदाराचं एक पाऊल ६० पिक्सेलचं आणि सेकंदात दोन पावलं, म्हणजे तो सेकंदाला १२० पिक्सेल पुढे जायला हवा. प्रोग्रॅमरने त्याला १५० ने ढकललं तर दर सेकंदाला ३० पिक्सेल पाय घसरतात आणि राखणदार तेल सांडलेल्या फरशीवरून चालतो. चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांची अर्धी भांडणं या तीस पिक्सेलवरून होतात.

शिवाय कंबर मूळ असल्यामुळे ती खाली केली की पावलं जमिनीत रुततात. तेव्हा हिशेब उलटा मांडायचा: पाऊल इथेच राहू दे, गुडघा किती वाकवायचा ते तू काढ. याला आयके म्हणतात, इन्व्हर्स किनेमॅटिक्स. नाव भारदस्त आहे, गणित शाळेतलं. मांडी आणि पोटरी या त्रिकोणाच्या दोन बाजू, कंबर ते घोटा ही तिसरी. तिन्ही बाजू माहीत असल्या की गुडघ्याचा कोन ठरतो. बाजू ३ आणि ४ असतील आणि कंबर-घोटा अंतर ५ असेल, तर गुडघा बरोब्बर काटकोनात. मात्र गणिताला गुडघा पुढे वाकतो की मागे, याच्याशी देणंघेणं नाही. त्याला दोन्ही उत्तरं बरोबर. एक खूण तुम्ही सांगून ठेवली नाही तर चालता चालता मध्येच गुडघा बगळ्यासारखा मागे वळतो. आणि अंतर ७ च्या पुढे गेलं तर पाय पोचतच नाही, ताठ काठी होऊन लटकतो.

आयके इतकं सोयीचं, तर मग हातांनाही तेच का लावू नये? लावून बघा. पंजा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरळ रेषेत सरकतो, ड्रॉवर उघडल्यासारखा. कोन फिरवून हलवलेला हात मात्र आपोआप कमान काढतो, कारण टाचणीभोवती फिरणारी वस्तू दुसरं काही करूच शकत नाही. म्हणून साधारण रीत अशी की जमिनीला टेकायचं ते आयकेवर आणि हवेत फिरायचं ते कोनांवर. राखणदाराची काठी जमिनीला टेकते, तेवढ्यापुरता उजवा हात आयकेवर. कंदिलाचा हात मोकळा.

आता तो उलट दिशेला वळला. सोपा मार्ग म्हणजे पूर्ण पात्र आरशासारखं उलटवणं. पण मग कंदील उजव्या हातात जातो आणि काठी डाव्या. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या सगातच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, आणि तो वळला की पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जाते. एवढा गाजलेला गेम, कोणाचं काही बिघडलं नाही. मी स्वतः पाठीमागच्या हाताचे वेगळे तुकडे काढून सहा दिवस घालवले आणि मग पुसून टाकले. खेळाडू पात्राच्या हाताकडे बघत नाही, खड्ड्याकडे बघतो.

सांध्याचा प्रश्न काहींनी वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. १९९५ च्या ‘रेमॅन’मध्ये मिशेल आन्सेल यांच्या नायकाला दंड, मांड्या काहीच नाहीत. पंजे आणि बूट हवेत तरंगतात, मधली जागा बघणाऱ्याचं मन भरतं. कोपरच नाही, मग खाच कुठून येणार? जपानच्या व्हॅनिलावेअरने ‘ओडिन स्फियर’मध्ये, २००७ साली, उलटी वाट धरली: समृद्ध रंगवलेले मोठे तुकडे, आणि ते नुसते फिरवायचे नाहीत तर ताणायचे, दाबायचे. आज त्यासाठी चित्रावर त्रिकोणांची जाळी पसरतात आणि प्रत्येक गाठीला सांगतात की तू दंडाची किती आणि पुढच्या हाताची किती. कोपरावरची गाठ अर्धी इकडची, अर्धी तिकडची. त्यामुळे बाही दुमडते, कापड सुरकुततं, टाचणी जवळजवळ नाहीशी होते. जवळजवळच. जाळी जास्त ताणली की डोळे, नाक चिकटपट्टीवर ओढल्यासारखे लांबतात, आणि हा नवा दोष जुन्या खाचेपेक्षा जास्त भेसूर असतो.

म्हणून ‘कपहेड’सारखा गेम २०१७ मध्येही कागदावर चित्रामागून चित्र काढून करावासा वाटतो. तिथे पात्र फुगतं, वितळतं, भोवऱ्यासारखं फिरून पाठमोरं होतं. तुकड्यांच्या पात्राला पाठ फिरवणं महाकठीण, कारण त्याला पाठच काढलेली नसते. उलट ‘साउथ पार्क’ने १९९७ चा पहिला भाग खरा कागद कापून केला आणि पुढे संगणकावर जाऊनही कागदाचं ते अडखळणं मुद्दाम राखलं. मला या दोन टोकांमधली, सांधा थोडा लपवून थोडा दाखवणारी कामं कमी आवडतात. त्यांत पात्र ना धड बाहुली वाटतं ना धड माणूस, पाण्यात धरलेल्या शेवाळासारखं सतत हलकं डुलत राहतं. मोबाइलवरच्या कित्येक गेममध्ये पात्र नुसतं उभं असलं तरी त्याचे केस, बाह्या, कमरेचा शेला, सगळं अखंड लहरत असतं. वारा कुठून येतो कोण जाणे.

स्वस्थ उभं राहणं हीसुद्धा हालचालच आहे, पण ती फार थोडी असावी. राखणदाराचं धड दोन सेकंदांत दोन पिक्सेल वर आणि खाली. डोकं त्याच्यामागून चार फ्रेम उशिरा. काठीची टोकं अजिबात हलायची नाहीत, कारण काठीवर त्याचा भार आहे. डोळ्यांची उघडझाप सारख्या अंतराने नको. आणि कंदिलाची टाचणी कडीच्या मधोमध नाही, तर मुठीत कडी जिथे अडकते तिथे, अगदी वर. मी ती आधी कंदिलाच्या काचेच्या मध्यावर ठेवली होती, प्रोग्रॅम डीफॉल्टने तिथेच ठेवतो. कंदील झुलण्याऐवजी घड्याळाच्या काट्यासारखा स्वतःभोवती फिरत होता. टाचणी चाळीस पिक्सेल वर सरकवली, बाकी एका आकड्यालाही हात लावला नाही.

खेळाडू बटण सोडतो. पावलं थांबतात, चार फ्रेमनी घोंगडं थांबतं. कंदील अजून पुढे जातो, मागे येतो, पुन्हा थोडा पुढे, आणि जमिनीवरचा उजेड त्याच्याबरोबर हलत राहतो.